काढायला येते

तात्याबांवर त्या सकाळी मला खूप ओरडावंसं वाटलं.

वैरागच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं शेत आहे आणि बांधावर एक जुना लिंब. त्याच्या ढोलीत दरवर्षी पोपटांची जोडी अंडी घालते. सोलापुरातल्या बँकेच्या नोकरीतून मिळणारे रविवार मी तीन वर्षं त्या लिंबाला वाहिले. हवा होता एकच फोटो, ढोलीच्या तोंडाशी पिल्लाला भरवणाऱ्या आईचा. पहिल्या वर्षी मी पोहोचेपर्यंत पिल्लं उडून गेली. दुसऱ्या वर्षी तात्याबांनी माझी सोय म्हणून ढोलीपुढची आडवी फांदीच तोडली, आणि बिचकलेली जोडी अंडी टाकून निघून गेली. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "झाला का पोपट?" आणि पोट धरून हसला.

म्हणून यंदा मी तात्याबांना बजावून ठेवलं होतं, झाडाच्या पानालाही हात लावायचा नाही. शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"म्याडम, पिल्लं तोंड भाईर काडाय लागली की!"

काउंटरवर ही गर्दी. मी घाईघाईत म्हटलं, "उद्या सकाळी येते काढायला," आणि फोन ठेवला. 'फोटो' हा शब्द तेवढा राहिला.

रविवारी गेले तर अंगणात कोंबड्यांचं डालगं पालथं घातलेलं. तात्याबांनी ते मोठ्या ऐटीत उचललं. खाली तीन पिल्लं, अर्धवट पिसांची, एकमेकांना चिकटून थरथरत होती. पुढ्यात वाटीभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ.

"घ्या, काडून ठिवली. पानाला सुदिक हात लावला न्हाय!"

"अहो तात्या, फोटो! फोटो काढायला येते म्हणत होते मी!"

"आसं व्हय?" त्यांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तीन वर्सं नुसतं हेलपाटंच घालताय, आता राघूच पायजे आसंल. बाईमानसाला कुटं झाडावर चडाय लावायचं? म्हनून मीच चडलो."

सत्तरीचा माणूस. गुडघा खरचटलेला, त्यावर हळद दाबलेली. आता राग काढायचा तरी कुणावर? आपल्या मराठीत फोटोही काढायचा, पिल्लंही काढायची आणि रागही काढायचाच. एखादा वेगळा शब्द ठेवला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

"आत्ताच्या आत्ता परत ठेवा," मी म्हटलं. तात्याबा कुरकुरत्या गुडघ्यानं पुन्हा शिडी चढले. त्यांची बायको चिमाबाई खालून शिडी धरून त्यांना शिव्या घालत होती. पिल्लं ढोलीत गेली, पण जोडी काही खाली येईना. दोघं डोक्यावर घिरट्या घालत नुसते किंचाळत होते. मी हिरव्या कापडाआड कॅमेरा लावून बसले. एक तास गेला, दीड तास गेला. मादी फांदीवर यायची, माझ्या दिशेला मान वाकडी करायची आणि उडून जायची. मला गेल्या वर्षीची टाकून दिलेली अंडी आठवली. ही पिल्लं उपाशी मेली असती तर ती माझ्याच एका अर्धवट वाक्यानं.

"तुमी हितं हाय तवर ती यायची न्हाय," तात्याबा हळूच म्हणाले.

ते खरं होतं. मी कॅमेरा पिशवीत घातला, कापड गुंडाळलं आणि घरामागच्या पडवीत जाऊन बसले. लिंब तिथून दिसतसुद्धा नव्हता. चिमाबाईंची लग्नाच्या वयाची नात चहा ठेवून गेली. तो तसाच गार झाला.

बऱ्याच वेळानं किंचाळणं थांबलं. तात्याबा लंगडत आले.

"गेली आत. भरवाय लागली."

मला रडूच आलं. तीन वर्षं जे टिपायला धडपडले, ते भिंतीच्या पलीकडे चाललं होतं आणि मला उठून बघायचीही चोरी होती.

निघताना तात्याबा ओशाळून म्हणाले, "फुडल्या वर्सी कवा येताय काडायला?"

"काढायला नाही, तात्या," मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. "बघायला येते. नुसतं बघायला."

चिमाबाईंचा चेहरा एकदम खुलला. "बघाय येनार व्हय? आगुदर तरी सांगा की, बाय. पोहे करून ठिवते!"