ऊब असेल तिकडे मी जातो

मी हेलियमचा पापुद्रा बोलतोय. घाबरू नका. मला वजन जवळजवळ नाही, आवाजही नाही.

खार्किवमधल्या एका तळघरातल्या प्रयोगशाळेत, एका बंद डबीत मी जन्मलो. तिथे इतकी थंडी, की साधी हवा आत शिरली असती तर गोठून दगड झाली असती. डबीत नखाएवढी स्फटिकाची चकती होती. तिच्या एका टोकाला बारीक थरथर उठवायची नि दुसऱ्या टोकाला ऐकायची, हे उल्यानाचं काम. मी चकतीवर पांघरुणासारखा पसरलो, की थोडी थरथर माझ्यात मुरते आणि पडद्यावरची रेष खाली येते. तेच तिला मोजायचं होतं.

तिला सातवा महिना. उद्यापासून रजा. थंडी राखणारं टाकीतलं हेलियमही संपत आलेलं. आज जमलं नाही तर वर्षाची मेहनत वाया.

तिचे मदतनीस, म्हातारे सावेलीकाका त्या टाकीत लांब नळी सोडून तिच्या वरच्या रबरावर अंगठा ठेवत. टोक द्रव हेलियमला लागलं की रबराची धडधड मंदावते, त्यावरून किती उरलंय ते कळतं.

"वीतभर उरलंय, पोरी."

"काका, रेष आपोआप वर चाललीय! मी हातसुद्धा लावला नाही."

"डबी गळत असेल."

"काल साबणाचं पाणी तुम्हीच लावलंत ना? एक बुडबुडा नाही म्हणालात!"

"तेव्हा ती गरम होती गं." काका खाली बघू लागले.

तिथेच चुकलं. डबी इतकी गार झाली, की जिथून वारा जात नाही, तिथूनही मी जातो. झाकणाच्या सांध्यात केसाहून बारीक फट होती. मला जायचं नव्हतं हो. पण ऊब असेल तिकडे माझं अंग सरकतंच. वर माणसं होती. मी भिंतीवरून त्यांच्याकडे चढू लागलो.

"बंद कर. सांधा बदलायला दोन दिवस लागतील."

"दोन दिवस आणू कुठून, काका?"

रेष थांबली. एकदम वर सरकली. पुन्हा थांबली.

"कुणीतरी जिना चढतंय," काका पुटपुटले नि त्यांनी छातीवर क्रूस काढला.

उल्यानाने पोटावरचा हात काढून पेन्सिल उचलली. "चढू दे. एकेक थर निघून चाललाय त्याचा. जाताना मोजते."

तिने अकरा पायऱ्या लिहिल्या. असं मोजमाप तिला आधी कधीच मिळालं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"गेलं ना सगळं?" काकांनी विचारलं.

"नाही. रेष पूर्ण वर आलेली नाही. अजून आहे कोणीतरी."

आहे. माझा सगळ्यात खालचा थर चकतीला चिकटलाय, तो वाहत नाही. वरून पावलं ऐकू येतात. उल्याना, सुखानं घरी जा. फक्त डबी इतक्यात गरम करू नकोस.