गाडग्याच्या दातातला किडा

"हालू नोको, पोरी. हालली का किडा डोक्यात चढते."

दातातले किडे काढणाऱ्या बाबाचा वीस वर्षांपूर्वीचा तो आवाज पायलच्या कानात अजून धुरासारखा कोंडलेला होता. तेव्हा सात वर्षांची ती घोंगडीखाली, दाताला धुरी घेत बसली होती. परातीतल्या पाण्यात पांढरे किडे पडले, पण ती ओरडलीसुद्धा नाही. पुढे ती कपाशीवरच्या किडींचे फोटो काढण्याच्या नोकरीत रमली, तरी ते किडे स्वप्नात येतच राहिले.

आज उंद्रीच्या बाजारात तोच बाबा होता. परातीत पाणी, मधोमध तापलेला लोखंडी गोळा, त्यावर जडीबुटीची चिमूट, वर घोंगडी. माणसं टाचा उंचावून पाहत होती.

"जबड्याच्या जावया, सोड सासुरवाडी!" बाबा गरजला.

घोंगडीखाली पायलची आई, केसरबाई होती. अकरा किडे पडले. त्यांची राणी मेंदूकडं पळाली, असं बाबानं सांगितलं. दवाखान्याची सुई लागली की ती डसते, म्हणून आणखी तीन धुऱ्या घ्या. केसरबाईनं दुखऱ्या गालावर पदर दाबत मान डोलावली. डॉक्टरचं नाव काढू देईना.

पायलनं एक किडा काडेपेटीत घालून घरी आणला.

आधी तिनं नेहमीची मॅक्रो लेन्स लावली. ती किडा आहे तेवढाच टिपते, वीतभर लांबून काम भागतं. दिसला नुसता वळलेला पांढरा धागा. दुसरी लेन्स पाचपट मोठं दाखवते, पण तिच्यासाठी किड्यापासून चार बोटांवर जावं लागतं. पायलचा हात थांबला. तोंड दिसलं तर? मग बाबा खरा, आणि आईच्या डोक्यात राणी.

तिनं तीच लेन्स बसवली. एका फोटोत केसाएवढाच भाग स्पष्ट येई, म्हणून कॅमेरा केसभर सरकवत चाळीस फोटो काढले नि एकावर एक जुळवले.

तोंड नव्हतं. डोळे नव्हते, पाय नव्हते. एकमेकींना बिलगलेली दोन इवली पानं आणि खाली मुळाचं शेपूट. बाबाच्या जडीबुटीतल्या चपट्या बिया तिला आठवल्या; तसंच दिसणारं, शेताच्या बांधावरच्या काटेरी भुईरिंगणीचं बी तिनं फोडलं. आत तोच कोंब निजलेला.

ती तशीच आईला घेऊन बाजारात परतली. बाबासमोरच पाण्याची परात मांडून गोळा तापवला, तेलात घोळलेल्या त्याच बिया टाकल्या, वर रिकामं गाडगं उपडं धरलं. टपटप किडे पडले.

"बाबा, गाडग्याले दात कवा आले?"

"गाडग्याचा धनी बिमार असन," बाबा पुटपुटला.

"अन् राणी कोठी गेली बे तुही?" एक म्हातारा म्हणाला, तसा बाजार हसला. बाबा परात आवरू लागला.

आचेनं बी फुटतं, कोंब पाण्यात उडतो, पायलनं सगळ्यांना फोटो दाखवत समजावलं. "भेव वाटलं तं जवळ जाऊन पाहा. दुखलं तं डॉक्टरले दाखवा."

फक्त केसरबाई हसली नव्हती. पदर गालावर तसाच.

"माय, किडा नाही न आता. मंग काऊन भेतं?"

"किडा होता तवरी बरं होतं, बाई," केसरबाई हळू म्हणाली. "दिवाळीपासून तोंडात दोन बोटं जात नाही माह्या. आतून पांढरं पडलं हाय, तंबाखूच्या पुडीवरल्या फोटोवानी. आरशात पाह्यलं म्या. तुले नाही सांगितलं."