ही पोरं कुणाची

आमच्याकडे म्हणतात, जन्मलेलं पोर तीन दिवस भुताचं, चौथ्या दिवशी माणसाचं. पहिले तीन दिवस त्याला नाव नाही, लाड नाहीत. गोंडस तर चुकूनही म्हणायचं नाही. पाहुण्यानं नाक मुरडून 'काय ध्यान आहे' म्हणावं, म्हणजे भुतालाही ते नकोसं वाटतं. चौथ्या दिवशी एखादी जाणती बाई पोराला सुपात घालून हलवते आणि विचारते, हे पोर कुणाचं? घरातली दुसरी बाई म्हणते, माझं, मी घेतलं. तेवढ्यावर भुताचा हक्क सुटतो.

माशांच्या पिल्लांनाही मी हाच नियम लावते. गल्लीतली माणसं हसतात, पण माझ्याइतकी पिल्लं त्यांच्यातल्या एकाचीही जगत नाहीत. मी डिस्कस वाढवते, बशीसारखे गोल आणि चपटे मासे. त्यांची पिल्लं अंड्यातून निघाली की तीन दिवस एका जागी चिकटून नुसती वळवळतात, काही खात नाहीत. मग सुटतात, पोहू लागतात आणि आईबापाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खाऊन वाढतात. पण माझी निळी मादी पक्की कैदाशीण, घातलेली अंडी स्वतःच गिळायची. म्हणून त्या खेपेला मी अंडी काढून पसरट भांड्यात ठेवली आणि पिल्लं हातानं वाढवायचं काम सुनेवर, वानपेनवर, सोपवलं.

वानपेनचे दिवस भरत आले होते. माझा मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा तोंड दाखवणारा. ती बसून बसून कंटाळायची आणि कंटाळली की माझं डोकं खायची. म्हटलं, बस माशांपाशी. अंड्याचा बलक घोटून भांड्याच्या काठाला आतून कसा सारवायचा, त्याला टेकेल एवढंच पाणी कसं चढवायचं, खाऊन झालं की घाण वास सुटायच्या आत पिल्लांना दुसऱ्या भांड्यात कसं उतरवायचं, सगळं दाखवलं. आणि बजावलं की चौथ्या दिवसाआधी त्यांना आपली म्हणायचं नाही.

पिल्लं निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात भिक्षूंना जेवण द्यायला गेले होते. परत येऊन चपला काढतेय तोच ती माशांच्या खोलीतून हसत बाहेर आली.

"आई, तुम्हीच नियम मोडलात की."

"मी काय केलं?"

"आता भिंतीपलीकडून विचारलंत ना, ही पोरं कुणाची म्हणून? मी म्हटलं, माझी, मी घेतली."

माझ्या हातातला डबा अजून गरम होता. मी तिला म्हटलं, पोरी, मी तर आत्ता दारात पाय ठेवतेय. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडच्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं आणि पुन्हा हसली. पण या वेळचं हसणं उसनं होतं.

अंगणात भुताखेतांसाठी खांबावर बसवलेल्या इवल्याशा घरापुढे मी लाल सरबताची बाटली ठेवली, मोगऱ्याची माळ घातली, सुनेच्या वतीनं माफी मागितली. ते बोलणं उलटं कसं फिरवायचं हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारच्या युपिन आजीला विचारलं. गल्लीतली निम्मी पोरं तिच्याच सुपातून गेलेली. पण तिला कमीच ऐकू येतं. मी ओरडून सांगितलं तेव्हा ती म्हणाली की माशाचं काय एवढं मनावर घ्यायचं, भूत काय तळून खाणार आहे का.

हातानं वाढवलेली पिल्लं निम्मी तरी मरतात, हा धंद्याचा हिशेबच आहे. त्या भांड्यातलं एकही मेलं नाही. आणि बलक तसाच काठाला वाळत होता. मी एकदा अचानक आत गेले तर वानपेन भांड्यात मनगटापर्यंत हात बुडवून बसलेली, आणि सगळी पिल्लं त्या हाताला लागलेली. बोटांवरची कातडी पांढरी पडून सोलली होती.

मी तिचा हात बाहेर ओढला. ती शांतपणे म्हणाली की गुदगुल्या होतात फक्त, आणि नाहीतर ती उपाशी राहतात. तिला भानावर आणायला म्हणून मी माझा हात पाण्यात घातला. पिल्लं झटक्यात मागे सरली. पार पलीकडच्या काठाला जाऊन सगळी माझ्याकडे तोंड करून थांबली. माशांपाशी माझा जन्म गेला, पण त्या दिवशी मी माशांना घाबरले.

भांडं उचललं आणि कालव्याकडे निघाले. ती दारात आडवी उभी राहिली.

"नाही, आई. माझी आहेत ती. घेतलीत मी."

आणि तिथेच उंबऱ्यात तिचं पाणी गेलं. भांडं ठेवून मी रिक्षा आणायला धावले.

मुलगा झाला, धडधाकट. दवाखान्यातली नर्स 'किती गोड' म्हणाली तेव्हा मी तिच्यावर एवढी खेकसले की ती पुन्हा आमच्या खाटेकडे फिरकली नाही. घरी आणायच्या आधी मी एकटीनं ते भांडं मागच्या पडवीत नेलं, वर फळी ठेवली, फळीवर दगड. सुपातल्या प्रश्नाला उत्तर मीच देणार होते. चुलीपाशी, न्हाणीत, चालता चालता मी तेच घोकत होते, माझा, मी घेतला. याला मी भुताकडे जाऊ देणार नव्हते.

चौथ्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा युपिन आजीनं बाळ सुपात घातलं. वानपेन माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर. आजीनं सूप हळूहळू हलवलं.

"तीन दिवस भुताचं, चौथ्या दिवशी माणसाचं. हे पोर कुणाचं? ज्याचं असेल त्यानं घ्यावं."

मी तोंड उघडलं.

"माझं. मी घेतलं."

आवाज मागच्या पडवीतून आला. आवाज वानपेनचा होता, त्या सकाळसारखाच हसरा. आणि वानपेनचे ओठ माझ्या डोळ्यांसमोर मिटलेले होते.

आजीला माझं उघडं तोंड तेवढं दिसलं. तिनं मान डोलावली, बाळ माझ्या ओटीत दिलं आणि त्याच्या मनगटाला दोरा बांधायला घेतला. मीही म्हटलं, माझा, मी घेतला. दोनदा म्हटलं. पण ते नंतर.

वानपेनचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओली बाळंतीण ती, पट्टीतल्या हातानं तिनं जमीन घट्ट धरली होती.

"आई," ती म्हणाली, "ते तुम्हीच बोललात ना?"

"मीच," मी म्हटलं. "दुसरं कोण बोलणार?"

तिनं डोळे मिटले. मला तिचा फार कळवळा आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

पडवीत गेले तेव्हा फळी जागच्या जागी होती, दगडही. भांड्यात स्वच्छ पाणी होतं, आणि पिल्लू एकही नव्हतं.

नातू आता बाळसं धरतोय. भुताला नकोसा वाटावा म्हणून आम्ही त्याला अजून बेडूक म्हणतो. रडत नाही, म्हणून गल्लीतल्या बायका वानपेनला भाग्यवान म्हणतात. त्याला कडेवर घेऊन माशांच्या खोलीत गेलं की टाक्यांमधले सगळे मासे पलीकडच्या काचेला जाऊन त्याच्याकडे तोंड करून थांबतात, म्हणून मी तिकडे जायचंच सोडलं. रोज आंघोळ घालताना मी त्याच्या कानात सांगते, तू माझा, मी घेतला तुला. मग पुसायच्या आधी तो माझा ओला हात धरतो आणि तोंडाशी नेतो. मी हात काढून घेत नाही.