सातच्या पाढ्याची मोटरबोट

मित्रांनो, धक्क्याच्या टोकाला जी जुनी लाकडी मोटरबोट उभी आहे ना, ती मी. वयाने साठीच्या पुढे गेले, तरी आज माझा आनंद माझ्यात मावत नाही. कारण काय, ते सांगते.

एका हौशी मालकाने मला बांधून घेतले. पितळी कड्या, काचेच्या खिडक्या, पोटात डिझेलचे इंजिन. लोक वळून वळून बघत. पुढे मालक बदलत गेले आणि प्रत्येकाने जुन्या रंगावरच नवा रंग फासला. शेवटचा तर मला बांधून ठेवून विसरूनच गेला. पाच वर्षे माझ्या अंगावर शेवाळ वाढत होते.

मग दातांच्या एका डॉक्टरबाईंनी मला घेतले. बोटीतले त्यांना ओ की ठो कळत नव्हते, पण चिकाटी दांडगी. मी कुणाची, कधीची, हे शोधून काढायचेच असे त्यांनी मनावर घेतले. दवाखाना बंद केला की दात साफ करायची बारीक हत्यारे घेऊन त्या येत आणि माझा रंग कोरत बसत. आठ थर निघाले. त्यांच्याखाली केबिनच्या तुळईवर कोरलेला माझा नोंदणीचा नंबर दिसला, तेव्हा बाई चक्क नाचल्या!

बाईंनी परवान्यासाठी तो कळवला आणि दुसऱ्या दिवशी बंदराच्या नोंदणी कचेरीतले कारकून जाडजूड वही घेऊन आले.

"कागदावर ही बोट पन्नास वर्षांपूर्वी बुडाली आहे," ते म्हणाले. "बुडालेल्या बोटीला परवाना कसा देऊ? हा नंबर कुणीतरी दुसऱ्याच बोटीवर कोरला असणार. महिनाअखेरपर्यंत पुरावा आणा, नाहीतर हिला मोडीत काढावं लागेल."

मला ओरडून सांगावेसे वाटले, की अहो, बुडाली होती ती मीच! वादळात खडकावर आपटले आणि माझी डावी कूस फुटली. पण एका सुताराने मला वर काढले, बरे केले. कचेरीत कळवायचे मात्र कुणालाच सुचले नाही. आणि मला तोंड कुठे आहे?

डॉक्टरबाई हटल्या नाहीत. वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रे चाळून चाळून त्यांनी त्या वादळानंतरचा एक फोटो शोधला. त्यात मी चिखलात आडवी पडलेली आणि शेजारी तो सुतार उभा; फोटोखाली माझा नंबर छापलेला. मग बोटी बांधणाऱ्या एकेका कारखान्यात चौकशी करत त्या त्याच्या घरी पोहोचल्या. एका सकाळी ऐंशी ओलांडलेल्या सुतारकाकांना आणि काकूंना घेऊन त्या धक्क्यावर आल्या. काकांना मी चालीवरूनच ओळखले.

काकांना आता फारसे आठवत नव्हते. काकूंना मात्र सारे लख्ख आठवत होते. तेव्हा चांगले लाकूड मिळेना, म्हणून काकांनी घरातले जेवणाचे टेबल अर्धे कापले आणि त्याच्या फळ्या मला बसवल्या. काकूंनी आठवडाभर अबोला धरला होता.

"आमची लेक टेबलाखाली बसून खिळ्यानं पाढा कोरायची," काकू म्हणाल्या. "अर्धा पाढा इकडे आला. उरलेला अर्धा अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे."

कारकूनही आले होते. माझ्या बाकामागचे आवरण काढले, बॅटरीचा उजेड पडला. डाव्या कुशीत, आतल्या बाजूने, वेडेवाकडे आकडे! सात एके सातपासून सात पंचे पस्तीसपर्यंत. डॉक्टरबाईंनी काकूंच्या टेबलाचा फोटो शेजारी धरला. तिथे सुरुवात सात सक बेचाळीसपासून. आणि दोन्हीकडे सातचा आकडा उलटा काढलेला.

कारकुनांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग वही उघडून 'बुडाली' या शब्दापुढे लिहिले, 'वर काढली. दुरुस्त. कायम.' डॉक्टरबाईंनी माझी तुळई अशी घट्ट पकडली, की मला हसूच आले.

काका इतका वेळ त्या फळीवर हात ठेवून उभे होते. "म्हणजे तुझं टेबल वाया नाही गेलं," ते म्हणाले.

"वाया गेलं असं मी कधी म्हटलं?" काकू म्हणाल्या. "तुम्ही मला विचारलं नाहीत, एवढंच."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, रंग द्या. पण त्याआधी त्यांच्याविषयी विचारा. आम्हाला बोलता येत नाही. ज्यांना आमचे सारे ठाऊक असते, ती माणसे घरात बसलेली असतात, आणि कुणी विचारत नाही म्हणून गप्प राहतात.

आता जरा बाजूला सरा बरे. दोर सुटला आहे, इंजिन धडधडते आहे, आणि सुकाणू काकूंच्या हाती आहे.