निव्वळ पाला

मी एक जुना पितळी खल आहे, आणि मित्रांनो, आज मी फार दुखावलो आहे. कैरोतल्या एका ओताऱ्यानं मला घडवलं आणि हज्ज मदबूलींच्या झाडपाल्याच्या दुकानात माझा जन्म गेला. बडीशेप, मेथी, ज्येष्ठमध, काय काय कुटलं! हज्जबाबा बत्ता उचलण्याआधी गिऱ्हाइकाला खोदून विचारत, "दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत का? दिवस गेलेत का?" हो म्हटलं की बत्ता खाली. "मग जा बाई डॉक्टरकडे. इथं चहा पी आणि जा."

गल्लीत मूल जन्मलं की सातव्या दिवशी मला नेत आणि रीतीप्रमाणे त्याच्या कानाशी ठणठण वाजवत. बायका म्हणत, "आईचं ऐक हं, बापाचं ऐकू नको!" केवढा माझा मान!

पुढं हज्जबाबांचे हात थरथरू लागले आणि मुलगा रिफात दुकान बघू लागला. झाडपाल्याला आता भलतीच मागणी. गुडघेदुखीचं चूर्ण लवकर गुण देईना, म्हणून त्यानं एके सकाळी माझ्या पोटात पांढऱ्या गोळ्या ओतल्या. सुजेवरच्या, पण रक्तातली साखर चढवणाऱ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घेऊच नयेत अशा. माझ्याच पोटात हो! अंगाचा तिळपापड झाला, पण करतो काय?

भाकरीवाल्या इन्साफला साखरेचा आजार, गुडघेही धरलेले. चूर्ण घेऊन आठवड्यात ती तरातरा चालू लागली. "रिफात, यात भलतंसलतं काही नाही ना रे?"

"मावशी, निव्वळ पाला! हा खल तुझ्या शादियाच्या कानाशी वाजलाय. तो फसवेल होय?"

महिन्याभरात तिची साखर इतकी चढली की शुद्धच हरपली. दुसरं काही औषध घेतेस का, असं डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, तेव्हा चूर्णाचं ती बोललीच नव्हती. पाल्याला औषध कोण म्हणतं? घरात पुडी सापडली तशी तिची लेक शादिया धावत दुकानात आली.

"हज्जबाबा, यात काय आहे? डॉक्टर विचारताहेत. लवकर सांगा हो!"

हज्जबाबांनी माझ्या तळाशी बोट फिरवून जिभेला लावलं. त्यांना कळलं. त्यांनी रिफातकडे पाहिलं, मग म्हणाले, "निव्वळ पाला आहे, पोरी."

ती त्यांचे आभार मानून गेली. तिसऱ्या दिवशी इन्साफ गेली.

रिफात लोभी, हे मला ठाऊक होतं. पण बाबा, तुम्हीसुद्धा?

मित्रांनो, पाल्यालाही औषधच म्हणा. काढा असो, चूर्ण असो, डॉक्टरांपासून काही लपवू नका. आणि विकणाऱ्याच्या भल्या चेहऱ्याकडे पाहून पुडी घेऊ नका. चाळीस वर्षं मीही त्या चेहऱ्याकडेच पाहत होतो.