नाकसाहेब

"काय म्हणतंय नाक, साहेब?" चामड्याच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाने नेहमीसारखं हसत विचारलं.

पालिकेसाठी पाणी तपासणाऱ्या नाकसाहेबांनी ओढ्याच्या पाण्याने अर्धी भरलेली बाटली हलवली, झाकण काढलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. पूर्वी त्या एका श्वासात सगळा ओढा आत यायचा. शेवाळ, चिखल, कुणाच्या तरी धुण्याचा साबण, वर कुठेतरी मेलेलं जनावर. आज आत आली ती नुसती हवा. थंडीतल्या तापाने त्यांची वास घ्यायची ताकद जी नेली, ती परत आणून द्यायचं नाव नाही.

"वास नाही," ते म्हणाले.

"आमच्याकडे नसतोच!" असं म्हणून व्यवस्थापक आत निघून गेला. जरा जास्तच लगबगीने गेला, असं नाकसाहेबांना वाटलं. पण वाटण्याला तपासणीत जागा नसते.

कारखान्याला ओढ्यात पाणी सोडायची पालिकेची परवानगी होती, मात्र ते स्वच्छ करून सोडलं तरच. वास आला, तर जागेवरच औषध घातलेली वेगळी बाटली भरायची. नाही भरली तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वास उडून जातो आणि कारखाना सुटतो. त्या बाटल्या मोजक्याच मिळत, आणि वास आला असं लिहिल्याशिवाय एकही वापरता येत नसे. न आलेला वास आला म्हणायचा, हे नाकसाहेबांना या जन्मात जमलं नसतं. आला नाही म्हणणं तर खोटं नव्हतं ना! नाकासमोर चालणारा माणूस स्वतःला फसवायला बसला, की असा हिशेब मांडतो.

उताराने खाली आल्यावर बदकवाल्या मावशी भेटल्या. म्हातारी ओढ्याच्या वळणावर एकटी राहायची आणि बदकं पाळायची. आज तिची सगळी बदकं काठावर माना आखडून उभी होती. पाण्यात एकही नव्हतं.

"बाटली घेतली का, साहेब? ती दुसरी, औषधाची?"

"नाही, मावशी. वास नव्हता."

म्हातारी त्यांच्याकडे बघतच राहिली. "वास नव्हता? अहो, तीन दिवस झाले, कुजक्या अंड्यांची नुसती घाण सुटलीय. मला अन्न जाईना, ही मुकी जनावरं पाण्याला शिवेनात, आणि तुम्हाला वास नाही?" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "किती दिले त्यांनी?"

 बाटल्यांचा खोका उचलून नाकसाहेब स्कूटरकडे चालू लागले. "तुमच्या नाकावर लई भरवसा होता हो माझा!" हे मागून ऐकू आलं आणि त्यांचे कान तापले.

घरी जेवताना त्यांचा घास तोंडातच फिरत राहिला. बायकोने दोनदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "आज मला एका बाईने लाचखाऊ म्हटलं."

"का?"

"ओढ्याला वास येतो म्हणते. मला नाही आला."

"येणार कसा?" बायको शांतपणे पोळी वाढत म्हणाली. "परवा आंबलेली भाजी दोनदा मागून घेतलीत आणि वर छान झालीय म्हणालात. दूध करपून घरभर धूर झाला, तरी तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला होतात. मला सगळं कळतं. म्हटलं, कधी सांगताय ते बघू."

त्यांनी खाली मान घातली. तिला माहीत होतं, याचं बरं वाटलं की लाज, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

"सांगितलं तर मला ऑफिसात टेबलावर बसवतील गं."

"मग बसा. टेबलाला काय काटे आलेत?"

"माझ्याकडे दुसरं आहे काय? अक्षर वाईट, हिशेबात मी कच्चा. एवढं एक नाक होतं."

 त्यांच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढून ती म्हणाली, "म्हणजे पैसे खाल्ले असं म्हणवून घ्याल, पण नाक गेलं म्हणणार नाही?"

सकाळी ती न बोलावता स्कूटरवर मागे बसली. कारखान्याच्या खालच्या बाजूला पोचल्याबरोबर तिने रुमाल नाकाला लावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नाकसाहेब तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. पाणी किती वाईट आहे, ते त्यांनी तिथेच वाचलं. मग फोन काढून त्यांनी ऑफिसातल्या वरिष्ठ मॅडमना लावला.

"मॅडम, ओढ्यावर कुणाला तरी पाठवा. औषधाची बाटली घेऊन." ते थांबले. "मी आहे इथे, पण माझा उपयोग नाही. मला वास येत नाही. थंडीपासून येत नाही. आधीच सांगायला हवं होतं."

 मॅडम म्हणाल्या, "प्रयोगशाळेतल्या बाईंना पाठवते. त्या येईपर्यंत तिथेच थांबा. आणि नंतर ऑफिसात येऊन मला भेटा." आवाजात राग होता, आणि तो रास्तच होता.

वाट पाहताना ते बायकोला घेऊन वळणावर गेले. मावशींनी मान फिरवली.

"मावशी, मी पैसे नाही खाल्ले. माझं नाक गेलंय."

"बरं सुचलं हो रात्रीतून!" म्हातारी फणकारली. मग काहीतरी मनात येऊन उठली. "मिटा डोळे. उबवणीत वाया गेलेलं एक अंडं पडलंय माझ्याकडे. आणते. बघू कसं गेलंय ते नाक!"

नाकसाहेबांनी डोळे मिटले. हात पाठीमागे बांधले आणि शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहिले. म्हातारी आत गेली, अंडं घेऊन परत आली. कवचावर टक्क झालं, पण काठावरची बदकं इतका कलकलाट करत होती की त्यांना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. बायको तोंड दाबून चार पावलं मागे पळाली. म्हातारीने स्वतःचा श्वास कोंडला आणि फुटलेलं अंडं त्यांच्या नाकाला जवळजवळ टेकवलं.

त्यांनी सवयीने लांब श्वास घेतला. कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही.

म्हातारीने अंडं हळूच खाली घेतलं.

"आणा की, मावशी," नाकसाहेब डोळे मिटूनच म्हणाले. "मी थांबलोय."