करुणाची दिवसाची झोप

२००४ सालच्या मार्च महिन्यात आमच्या सुनेने, करुणाने, घर सोडण्याचा विचार अतिशय अदबीने माझ्यापुढे मांडला.

"मामा, कळमनुरीत आशाबाईंची एक खोली रिकामी हाय. गल्लीत हाय, गोंगाट न्हाई. महिन्याखेरीपर्यंत त्यांना व्हय का न्हाई सांगायचंय."

ती तिथल्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती आणि हिवाळ्यापासून तिला सलग रात्रपाळी लागली होती. सकाळी नऊला ती आमच्या वारंगा फाट्यावर जीपमधून उतरे आणि भाकरी खाऊन आडवी होई. तिच्या उशापासून रस्ता जेमतेम पंधरा फूट. माझा मुलगा धम्मानंद पुण्याच्या कारखान्यात होता. करुणाही गेली असती, तर घरात मी आणि माझी बायको पद्माबाई दोघेच उरलो असतो.

"हातात सुई असती, मामा. डोळे झाकायला लागले तर कसं करावं?"

मी स्थापत्याची पदविका घेतलेला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. आधी मोजमाप, मग उपाय, ही माझी रीत. दोन दिवस खिडकीशी बसून वहीत रकाने आखले. तासाला सरासरी चौऱ्याण्णव हॉर्न भरले.

खिडकीला चार बोटे अंतर सोडून दुसरी काच बसवली. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दाराच्या फटी बुजवल्या. खोली खरोखर शांत झाली. मात्र अर्ध्या तासात करुणा घामाने निथळत बाहेर आली.

"पोरीला निजवायचं हाय का उकडायचं?" पद्माबाईंनी विचारले.

टीका रास्त होती. जिथून वारा येतो तिथूनच आवाजही येतो, हे मला ठाऊक असूनही मी वाऱ्याचा विचार केला नव्हता. मग मागच्या भिंतीत झरोका पाडला, त्याला प्लायवूडची दोन वळणांची पेटी जोडली, आतून जुन्या वाकळीचे अस्तर ठोकले आणि तोंडाशी कूलर ठेवला. वारा वळणे घेत आत येई. आवाज वळता वळता वाकळीत जिरून जाई. मी समाधानाने वही मिटली.

तिसऱ्या दिवशी करुणा उठली ती पुन्हा लाल डोळ्यांनी.

"हॉर्न गेले, मामा. पण खाट दणकती. डोळा लागला की कोणी खालून लाथ मारल्यागत होतंय."

मी खाटेजवळ फरशीवर काठोकाठ पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि पाहत बसलो. थोड्याच वेळात पाण्यावर वलये उठली. पुन्हा उठली. मग पद्माबाईंना पेल्यापाशी बसवून मी बाहेर रस्त्यावर उभा राहिलो. भरलेल्या ट्रकची मागची चाके दारासमोरच्या गतिरोधकावरून आदळली की आतून हाक येई, "हाललं!"

असे अकरा वेळा झाले. हा दणका जमिनीतून येत होता. त्याला काच आणि वाकळ काय करणार?

तो गतिरोधक माझ्याच अर्जांचे फळ होता. शाळेची लेकरे रस्ता ओलांडतात म्हणून आदल्या वर्षी मी बांधकाम खात्याकडे सात अर्ज केले होते. खात्याची रस्त्याचे काम करणारी टोळी आली तेव्हा समोरच्या हॉटेलचे उकंडराव पुढे होऊन म्हणाले, "सायबाच्या दारासमोरच टाका. मान त्याहीचा हाय." शाळेचे फाटक शंभर पावलांवर होते. मी ते सांगायला हवे होते. मी हार घालून घेतला आणि नारळ फोडला.

आठवा अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला: गतिरोधक काढून शाळेच्या फाटकासमोर हलवावा. सोबत नकाशा जोडला. सरपंचांची सही घेतली, तोवर बातमी फाटाभर झाली होती.

"काहून सायेब? कोणी काही बोललं काय तुमाला?" उकंडराव तावातावाने आले. "मान काढून राहिले तुमी!"

"चूक काढतो आहे, उकंडराव. माझीच."

"अन् माझ्या हॉटेलाचं? गाड्या इथं हळू होतात, म्हणून ड्रायव्हर उतरतात. शाळेतली लेकरं काय चहा पेतात?"

"गुरुजी पेतात की," पद्माबाई दारातून म्हणाल्या. "अन् तुमचा चहा पेऊन ते बी झोपणार न्हाईत."

उकंडरावांना हसू आवरले नाही. चहासाठी ड्रायव्हर शंभर पावले चालत येतील, असे मग त्यांनीच ठरवले. टोळी त्या आठवड्यात खड्डे बुजवायला फाट्यावर आलेलीच होती, तिच्या मुकादमाकडे ते स्वतःच मला घेऊन गेले. मुकादमाने अर्ज दोनदा वाचला. "सात डाव टाका म्हणले, आता काढा म्हणता?" एवढेच तो बोलला. वरिष्ठांचा होकार आणायला त्याला चार दिवस लागले, आणि काम दोन दिवसांत झाले.

महिन्याच्या अखेरच्या दिवशी करुणा सव्वानऊला खोलीत गेली. बारा वाजले, दोन वाजले. आम्ही दोघे ओसरीवर खुणांनी बोलत होतो. चारला ती जांभई देत बाहेर आली, तोंड धुतले आणि तशीच फोनकडे गेली.

"आशाबाई, खोली दुसऱ्या कोणाला देऊन टाका. व्हय, व्हय. इथंच झोप लागून राहिली आता."

"लागंल न्हाई तर काय!" पद्माबाई हातवारे करीत म्हणाल्या, सात तासांनंतर त्यांना मोठ्याने बोलायला मिळाले होते. "सासू दिवसभर तोंड शिवून बसली, ते कोणी वहीत लिव्हलं न्हाई!"